जानेवारीत रशियन कुटुंबाकडे मुक्काम: टेबलावर काय येईल आणि बॅगेत काय भरावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं आणि सासूबाई (शाकाहारी, अंडं चालतं) जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दहा दिवसांसाठी मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गला निघालाय, आणि त्यातले तीन दिवस मॉस्कोत मिस्टरांच्या रशियन सहकाऱ्याच्या घरी राहणार आहात. तिथलं घरचं जेवण मनापासून खाता यावं म्हणून काय माहीत हवं, आणि कपडे नेमके कोणते न किती न्यावेत?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण दोन्ही उत्तरं तिच्यावर अवलंबून आहेत. रशियन शहरांत घरं आतून चांगलीच गरम असतात. शरद ऋतूत सलग पाच दिवस सरासरी तापमान ८ अंशांच्या खाली राहिलं की संपूर्ण शहराचं हीटिंग सुरू होतं आणि ते वसंतापर्यंत चालू राहतं. जुन्या इमारतींत रेडिएटर कमी-जास्त करायची सोय बरेचदा नसते. फार उकडलं की लोक खिडकी किलकिली करतात. म्हणजे बाहेर उणे १२ आणि स्वयंपाकघरात २३-२४, वर शेगडीवर सूपचं पातेलं. त्या टेबलाशी तुम्ही दोन-तीन तास बसणार आहात.

जेवणाचं आधी सांगते, कारण सासूबाईंसाठी तयारी आजपासून हवी. यजमानांना नुसतं 'शाकाहारी' कळवून भागत नाही. सूपचं पाणी हाडं उकळून केलेलं असतं, त्यातलं मांस बाजूला काढून सूप वाढलं तर ते चालेल असं कुणीही प्रेमाने गृहीत धरू शकतं. कोंबडी, मासे आणि सॉसेज यांचंही तसंच. म्हणून एकेक पदार्थ नाव घेऊन सांगा. हे वाक्य पाठ करा किंवा मोबाइलवर ठेवा: 'मामा न्ये येस्त म्यासा, कूरित्सु, रिबु, कल्बासु इ बुल्योन.' आई मांस, कोंबडी, मासे, सॉसेज आणि मांसाचं सूपपाणी घेत नाही, असा त्याचा अर्थ. तुमच्यापैकी कुणी गोमांस खात नसेल तर 'गव्यादिना' हा शब्द लक्षात ठेवा. डुकराचं ते 'स्विनिना'. खिमा म्हणजे 'फार्श' बहुतेक वेळा या दोन्हींचा मिसळलेला असतो, तेव्हा त्याबद्दल आवर्जून विचारा.

तुमच्या तारखांचा एक फायदा आहे. ऑर्थोडॉक्स नाताळ ७ जानेवारीला असतो आणि त्याआधी २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी धार्मिक लोकांचा उपवास असतो. त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. उपवास करणारी मंडळी सगळ्या घरांत नसतात, पण उपवासाचा स्वयंपाक कसा करायचा हे घरातल्या थोरल्या बायकांना बहुधा ठाऊक असतं. 'पोस्नी' म्हणून मागितलं की यजमानीणबाईंना लगेच दिशा मिळते. मात्र त्या उपवासात ठरावीक दिवशी मासे चालतात, म्हणून मासे नाहीत ना, हे तरी विचारायचंच.

नववर्षाच्या टेबलावरचे पदार्थ चार-पाच दिवस पुरवले जातात, आणि खरा घोळ तिथेच होतो. ओलिव्ये सॅलड दिसायला बटाटा, मटार, गाजर, अंडं आणि मेयोनीज. आत बारीक चिरलेलं उकडलेलं सॉसेज किंवा कोंबडी असते. बीटच्या गुलाबी थराखाली खारवलेला हेरिंग मासा असलेलं सॅलड तर वरून ओळखूच येत नाही. खलदेत्स म्हणजे मांसाच्या रसाची थंड जेली. याउलट विनेग्रेत हा प्रकार सासूबाईंसाठी उत्तम: उकडलेलं बीट, बटाटा, गाजर, खारातली काकडी, आंबवलेला कोबी, मटार आणि सूर्यफूल तेल. (क्वचित त्यातही हेरिंग घालतात; एकदा विचारून घ्या.) खारवलेल्या मशरूम, आंबवलेला कोबी, राय (rye) धान्याचा काळा पाव हे बिनधास्त. बरोदिन्स्की पावावर धणे असतात, तो आपल्या जिभेला पटकन आवडतो. शेपू मात्र सगळ्यावर पडतो: सूप, बटाटे, सॅलड. शेपू न आवडणारं कुणी असेल तर 'बेझ उक्रोपा' म्हणा.

वाढण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी थंड पदार्थ, मग सूप, मग मुख्य पदार्थ, शेवटी चहा आणि त्याबरोबर केक, पिरोग (सारण भरून भाजलेला पाव), मुरंबा. पहिल्या फेरीतच पोट भरलं की पुढचं जात नाही आणि यजमानीणबाई हिरमुसतात. पहिल्यांदा चमचा-चमचाच घ्या. सूपमध्ये स्मेताना म्हणजे दाट आंबट साय एक चमचा घालून ढवळायची आणि पावाबरोबर खायचं. तिखटाची सवय असेल तर टेबलावरची रशियन मोहरी मागा, ती नाकात जाईल इतकी जहाल असते, म्हणून आधी टोकभरच घ्या. व्होडका नको असेल तर पहिल्याच टोस्टला तसं सांगा आणि मोर्स (बेरीचं सरबत) किंवा कम्पोतचा (फळं उकळून केलेल्या गोड पेयाचा) ग्लास उचला. ग्लास उचलणं महत्त्वाचं, आत काय आहे ते चालून जातं. चहा कोरा असतो, कडक अर्क आणि वरून उकळतं पाणी. दूध हवं तर 'मलाको' मागा.

बोर्श तुम्हाला मिळणारच. तो मुळात युक्रेनचा, युनेस्कोने २०२२ मध्ये युक्रेनी बोर्शची परंपरा संरक्षणाच्या यादीत घेतली. रशियन घरांतही तो नेहमीचा आहे. बिनमांसाचा बोर्श निघण्याआधी घरी एकदा करून पाहा, म्हणजे सासूबाईंना चव माहीत होईल. चार जणांसाठी: दीड लिटर पाणी, साधारण ३५० ग्रॅम बीट, ३ बटाटे, २५० ग्रॅम कोबी, १ गाजर, १ कांदा, २ चमचे टोमॅटो पेस्ट, १ मोठा चमचा व्हिनेगर, २ तमालपत्रं, २ लसूण पाकळ्या, ३ मोठे चमचे सूर्यफूल तेल, वाटीभर शिजलेला राजमा, मूठभर शेपू. बीट किसून तेलात व्हिनेगर आणि टोमॅटो पेस्टसह झाकण ठेवून मंद आचेवर १५-२० मिनिटं शिजवा. दुसऱ्या कढईत कांदा-गाजर परता. पाण्यात तमालपत्रं आणि बटाटे घाला, ते जवळजवळ शिजले की कोबी. पाच-सात मिनिटांनी कांदा-गाजर, राजमा आणि मीठ, आणि सगळ्यात शेवटी बीट. त्यानंतर एक हलकी उकळी, ठेचलेली लसूण, शेपू, आणि अर्धा तास झाकून ठेवा.

हा क्रम मोडला की दोन गोष्टी बिघडतात. आंबट आधी पडलं तर बटाटा कितीही उकळा, आतून करकरीतच राहतो. आणि बीट आम्लाशिवाय, शिवाय बराच वेळ खळखळ उकळलं तर लाल रंग जाऊन सूप विटकरी, मग पिवळट होतं. कुकर इथे वापरू नका. दुसऱ्या दिवशी चव आणखी चांगली लागते, फक्त गरम करताना उकळू देऊ नका.

सगळ्यांनी मिळून पेल्मेनी (खिमा भरून पाण्यात उकडलेल्या छोट्या करंज्या) वळायचा बेत यजमान ठरवतील अशी बरीच शक्यता आहे. त्यात हात घाला. मोदकाला पाऱ्या घालणाऱ्या माणसाला हे अवघड नाही. पीठ ५०० ग्रॅम मैदा, १ अंडं, सुमारे २०० मिली पाणी, चमचाभर मीठ असं घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवतात. पाच-सहा सेंटीमीटरची पातळ चकती, मध्ये कच्चा खिमा-कांदा, अर्धचंद्र दुमडून दोन टोकं जोडायची. कडेला कोरडं पीठ किंवा सारणाचा ओलावा राहिला की ती पाण्यात उघडते. याच पिठात परतलेला कांदा घातलेला कोरडा बटाट्याचा लगदा भरला की सासूबाईंसाठी वारेनिकी तयार. त्या आकाराने थोड्या मोठ्या करतात. पेल्मेनी तरंगल्यावर चार-पाच मिनिटं, वारेनिकी दोन-तीन मिनिटंच, कारण आतलं आधीच शिजलेलं असतं. त्यांना वेगळं पातेलं आणि वेगळा झारा मागायला संकोच करू नका. सकाळी सिर्निकी (ताज्या चीजच्या गोड टिकिया) आणि ग्रेच्का म्हणजे भाजलेल्या कुट्टूची मोकळी खिचडीसारखी उसळ मिळेल. लोणी घातलेली ग्रेच्का पोटाला हलकी असते, जड जेवणानंतरच्या दिवशी तीच मागा.

आता कपडे. मॉस्कोत जानेवारीत दिवसा उणे ५ ते उणे १० धरा, थंडीची लाट आली तर उणे २० किंवा त्याखालीही. पीटर्सबर्ग आकड्यांत थोडं उबदार असतं, पण दमट हवा आणि नेवा नदीवरचा वारा यांमुळे अंगाला ते जास्त बोचतं. मला सगळ्यात चुकीची खरेदी वाटते ती जाड, अस्तरवाल्या थर्मलची. ते घालून मेट्रोत आणि जेवणाच्या टेबलावर घाम फुटतो, आणि तोच घाम बाहेर पडल्यावर गारठवतो. थर्मल पातळ घ्या, मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं. सुती बनियन आत नको, ते घाम धरून ठेवतं. वर सहज काढता येईल असा पुढून चेनचा फ्लीस किंवा स्वेटर, आणि सगळ्यात वर कंबरेखाली येणारं, वारा अडवणारं, टोपीचं पिसांचं जाकीट. ऊब या वरच्या थराने द्यायची, कारण दारात शिरताच तोच उतरतो. घरात बसताना अंगात टी-शर्ट किंवा सुटसुटीत कुर्ता असला की झालं.

जाकिटाच्या कॉलरला आतून अडकवायची पट्टी आहे का, ते बघा. नसेल तर जाड नाडीची शिवून घ्या. थिएटर आणि संग्रहालयांत कोट गार्देरोबमध्ये (कोट ठेवायच्या खोलीत) द्यावाच लागतो आणि तो त्या पट्टीवरच टांगतात. ती नसेल तर तिथल्या बाई बोलतात आणि त्यांचं बरोबर असतं. टोपी, मफलर, हातमोजे कोटाच्या बाहीत कोंबून द्या, म्हणजे हरवत नाहीत. माकडटोपी असेल तर लाजू नका, नेवाच्या काठावर तिच्यासारखं काही नाही. मोठा स्कार्फ सासूबाईंना चर्चमध्ये डोक्यावर घ्यायलाही उपयोगी पडेल. पुरुषांनी तिथे टोपी काढायची.

पैसे बुटांवर खर्च करा. घोट्याच्या वर जाणारे, पाणी न शिरणारे, मऊ रबरी आणि खोल नक्षीच्या तळव्याचे. कडक तळवा थंडीत आणखी कडक होऊन बर्फावर घसरतो. माप जाड मोजा घालून बघा आणि बोटं हलतील इतकी जागा ठेवा. घट्ट बुटात दोन मोजे चढवले तर मधली हवा जाते, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्त गारठतात. रस्त्यावर बर्फ वितळवायची रसायनं टाकतात, त्यांचे पांढरे डाग संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा. ओले बूट रेडिएटरवर ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून शेजारी ठेवा. सासूबाईंसाठी बुटांवर ओढायचे खिळ्यांचे रबर घ्या, तिकडे 'लेदस्तूपी' नावाने मिळतात. मेट्रोत आणि दुकानात शिरताना ते काढायलाच हवेत, गुळगुळीत फरशीवर खिळे सरकतात. तिथे काही विकत घ्यायचं असेल तर रोख रक्कम हाताशी ठेवा. भारतात मिळालेली व्हिसा, मास्टरकार्ड कार्डं मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत.

प्रत्येकी सामान इतकं पुरतं: थर्मलचे २ जोड, फ्लीस १, स्वेटर १, पँट २, टी-शर्ट ४, लोकरीचे मोजे ३ जोड, साधे मोजे ३ जोड, घरात घालायचा एक नीटनेटका जोड. यजमानांच्या घरी धुलाईयंत्र असेलच आणि रेडिएटरवर कपडे रात्रीत वाळतात, म्हणून याहून जास्त नको. बूट दारातच काढून घरच्या सपाता घालायच्या असतात, त्या तेच देतात. मोजे मात्र न फाटलेले असू द्या. एखाद्या संध्याकाळी साडी नेसायची असेल तर ती तिथे पोहोचल्यावर नेसा, रस्त्यावरच्या चिखलट बर्फात काठ भिजतो. थिएटरला जाताना हलके बूट पिशवीत न्या आणि गार्देरोबपाशी बदला, तिथल्या बायकाही तसंच करतात.

मोबाइल आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात बॅटरी झटकन उतरते. कॅमेरा आत आणताना आधी बाहेरच पिशवीत बंद करा आणि घरात तासभर तसाच राहू द्या, म्हणजे भिंगावर दव धरत नाही. यजमानीणबाईंना फुलं न्याल तर विषम संख्येत न्या, सम संख्या अंत्यविधीला असते. सोबत काजूकतली आणि आपला मसाला चहा. दाराच्या उंबरठ्यावरून हात मिळवू नका, आधी आत या, मग मिळवा.