जूवारी सोबा आणि आपली ज्वारी

प्रश्न असा आला आहे : 'तोक्योत नुकताच राहायला आलोय. घराजवळच्या छोट्या उपाहारगृहात मेनूवर रोमन अक्षरांत "जूवारी सोबा" दिसलं. ज्वारीच्या शेवया समजून हौसेने मागवलं. चव काही ज्वारीची नव्हती. हा शब्द आपल्याकडून तिकडे गेला का? आणि सोबाला मराठीत काय म्हणावं?'

नाही, गेला नाही. जपानीत 'जू' म्हणजे दहा आणि 'वारी' म्हणजे दहावा हिस्सा. जूवारी म्हणजे दहापैकी दहा हिस्से, निव्वळ. ही वारी तुम्हाला तिथल्या दुकानांतही भेटेल : 'निवारीबिकी' म्हणजे दोन दशांश वजा, 20 टक्के सूट. सोबा हे एका धान्याचंही नाव आणि त्याच्या पिठाच्या शेवयांसारख्या पदार्थाचंही. तुमच्या ताटात होतं ते निव्वळ सोब्याचं पीठ. एरवी 'निहाची', म्हणजे दोन-आठ, हे प्रमाण जास्त चालतं : आठ हिस्से सोबा, दोन हिस्से गहू.

गहू लागतो कारण या पिठाला चिकटपणा नसतो. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापून बघा, म्हणजे जूवारी करणाऱ्याची अडचण कळेल. त्यातले काहीजण पीठ गरम पाण्यात भिजवतात. तेव्हा तुमचा अंदाज शब्दात चुकला, पण पीठ मळणाऱ्या हातापाशी बराच जवळ गेला.

हे धान्य म्हणजे हिंदीतलं कुट्टू. उत्तरेत नवरात्रात ज्याच्या पुऱ्या होतात, तेच. आपल्याकडे ते पिकत नाही, म्हणून मराठीतही कुट्टूच म्हणतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. खरं तर हे गवतवर्गातलं धान्यच नव्हे. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली ही वनस्पती. (उत्तरेतल्या उपासाला चालतं म्हणून आईला कळवू नका. निहाचीत गहू असतो आणि सोबा ज्यात बुडवून खातात त्या 'त्सुयु'त बहुतेक वेळा मासा असतो.)

नावाची गंमत पुढेच आहे. याचं जुनं जपानी नाव 'सोबामुगी'. मुगी म्हणजे गहू किंवा जव, आणि सोबा म्हणजे कोपरा, धार. बी तीन धारांचं असतं, म्हणून कोनांचा गहू. तिकडे डच लोकांनी तेच बी पाहिलं, त्यांना बीच झाडाचं त्रिकोणी फळ आठवलं, आणि त्यांनी नाव ठेवलं 'बुकवेइट', म्हणजे बीचगहू. इंग्रजी बकव्हीट त्याच घडणीचं. दोघांनी एकमेकांना न विचारता एकच युक्ती केली : ओळखीच्या धान्याचं नाव घ्यायचं आणि पुढे आकार जोडायचा. आपल्या ज्वारीच्या मुळाशीही कोशकार 'यव' म्हणजे जवच दाखवतात. आणि कोपऱ्यावरून नाव म्हणाल तर शिंगाडा आहेच, शृंगाटकापासून आलेला.

आता शेवया. शेवई वळतात किंवा साच्यातून पाडतात. सोबा मात्र लाटून, घडी घालून, सुरीने कापतात. त्याचं जुनं नाव 'सोबाकिरी', किरी म्हणजे कापणं. किसो भागातल्या जोशोजी मंदिराच्या 1574 सालच्या नोंदीत ते सापडतं. कृती बघितली तर शेवयांपेक्षा चकोल्यांशी नातं अधिक. म्हणून मी 'सोबा'च ठेवीन, पुल्लिंगी, पास्त्यासारखा : सोबा खाल्ला, सोब्याचे भुरके मारले. भुरका हा शब्द इथे अगदी फिट बसतो, आवाज केला तरी तिथे कुणी भुवया उंचावत नाही. आणि 'झारू सोबा' मागवलात तर तो बांबूच्या रोवळीवर येईल. झारू म्हणजे रोवळीच.

एक सावधगिरी. 'याकिसोबा' आणि 'ओकिनावा सोबा' यांत कुट्टू नसतं, दोन्ही गव्हाचे. ओकिनावा या दक्षिणेकडच्या बेटांवरच्या लोकांना तर कुट्टू नसूनही 'सोबा' हे नाव टिकवायला झगडावं लागलं. 1978 साली मान्यता मिळाली, आणि 17 ऑक्टोबर हा तिथे सोबादिन असतो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. जपानीत 'सोबा' असाच उच्चार असलेला दुसरा शब्द आहे, अर्थ 'जवळ, शेजारी'. त्यावर श्लेष करून नव्या घरी आलेल्याने शेजाऱ्यांना सोबा द्यायची एदोकाळापासून (जपानच्या इतिहासातला सतरावं ते एकोणिसावं शतक हा काळ) रीत आहे, 'हिक्कोशी सोबा'. आपला 'सोबत' अरबीतून फारसीमार्गे आला, 'सोहबत'वरून, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पण तुम्ही नवे शेजारी आहात, तेव्हा दारोदार सोबा घेऊन जाताना सोबत आठवली तर व्युत्पत्तीकडे काणाडोळा करायला माझी हरकत नाही.