एन-लिस्टची वर्गणी भरली, आता ग्रंथपालाने आणखी काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळच्या एका अनुदानित पदवी कॉलेजात नुकतेच ग्रंथपाल म्हणून रुजू झालात, एन-लिस्टची वर्गणी भरली आणि प्राचार्य विचारतात, आता यात तुमचं काम काय उरलं? मी बेळगावात अशाच एका कॉलेजात १४ वर्षं हे सांभाळते आहे. वर्गणी भरल्यावरच काम सुरू होतं.

एन-लिस्ट ही कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि ई-पुस्तकं वाचायला देणारी, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-केंद्राची २०१० पासूनची योजना. पैसे भरले म्हणजे मुलांना आपोआप वाचायला मिळत नाही. प्रत्येकाचं नाव आणि ईमेल कॉलेजच्या अ‍ॅडमिन खात्यातून आपणच भरायचं असतं. इथेच घोळ होतो. प्रवेशाच्या वेळी मुलं भावाचा नाहीतर सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देतात, पासवर्ड तिकडे जातो आणि खातं कधी उघडतच नाही. म्हणून मी दहा-दहा मुलांना ग्रंथालयात बोलावते, त्यांच्याच मोबाईलवर ईमेल उघडायला लावते आणि पहिलं लॉगिन माझ्यासमोर करून घेते. कॉलेज सोडून गेलेल्यांची नावं दरवर्षी काढते.

आमच्याकडे खानापूर तालुक्यातली बरीच मुलं आहेत. कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात रेंज जाते, त्यामुळे ती शनिवारी एसटी पकडण्याआधी लागतील ते लेख उतरवून नेतात. ते योग्यच आहे. पण अख्खे अंकच्या अंक एकदम उतरवायचे नाहीत, हे त्यांना आधीच सांगा. थोड्या वेळात फार डाउनलोड झालं की प्रकाशक सगळ्या कॉलेजचा प्रवेश बंद करू शकतो.

दुसरं, एक साधी एक्सेल शीट करा. प्रत्येक वर्गणीची मुदत कधी संपते, प्रवेश लॉगिनने आहे की कॉलेजच्या आयपीवरून (म्हणजे फक्त कॉलेजच्या इंटरनेटवरून), करार कुठल्या फाइलला आहे, अडचण आली तर कुणाला कळवायचं. आणि एक रकाना जुन्या अंकांचा ठेवाच. आम्ही एका नियतकालिकाचे छापील अंक बंद करून ऑनलाइन घेतलं. दोन वर्षांनी पैसे नव्हते म्हणून ते थांबवलं, तर पैसे मोजलेल्या त्या दोन वर्षांचे अंकही गेले. त्याआधीचे छापील अंक आजही रॅकवर आहेत. करारात कायमच्या हक्काचं कलमच नव्हतं आणि मी ते पाहिलं नव्हतं. एका मुलीचा प्रकल्प त्यामुळे अडला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता ते लेखी मिळाल्याशिवाय मी शिफारस करत नाही.

वापराचे आकडे दर महिन्याला काढून ठेवा, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकलाही लागतात. आकडा कमी दिसला म्हणून लगेच वर्गणी बंद करू नका. मुलांना ते आहे हे तरी ठाऊक आहे का, आधी विचारा.

१ जानेवारी २०२५ पासूनच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या सामायिक वर्गणीच्या योजनेबद्दल प्राचार्य विचारतीलच. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं त्यात आहेत, पण पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी आहे. खाजगी संस्थेने चालवलेल्या अनुदानित कॉलेजने त्याच्या भरवशावर एन-लिस्ट सोडू नये.

आता मला सर्वांत जवळचं. विकतचे डेटाबेस बहुतेक इंग्रजीत, त्यामुळे मराठी घेऊन बी.ए. करणारी मुलं समजतात की हे आपल्यासाठी नाहीच. त्यांना शोधगंगा, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, दाखवा. लॉगिन लागत नाही, मराठी प्रबंधही आहेत. मात्र शीर्षकं कुठे देवनागरीत तर कुठे रोमनमध्ये भरलेली असतात, म्हणून दोन्ही लिप्यांत शोधायला शिकवा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. विकतचं आणि फुकटचं सगळं एकाच पानावर द्या. आमच्या दारावर त्याचा क्यूआर कोड आहे, खाली कन्नड, मराठी आणि इंग्रजीत दोन-दोन ओळी.

सुरुवात ऑफिसातून यंदाच्या प्रवेशाची यादी मागून करा. ईमेलचा रकाना पाहिलात की पहिल्या महिन्याचं काम समोर दिसेल.