"मॅडम, माती शिकून पुढे काय?"

परभणी, हिंगोली, लातूरकडून येणारे कृषी पदव्युत्तर विद्यार्थी सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसून वारंवार एकच विचारतात: मृदाशास्त्रात पीएच.डी. करावीशी वाटते, पण ती आपल्यासारख्यांना जमते का? त्यांपैकी एकीची हकीकत तिच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

पहिल्या भेटीला वडील सोबत होते. "माती तर आम्ही जन्मभर उकरली, मॅडम. पोरीनं परीक्षा देऊन साहेब व्हावं," ते म्हणाले. पुढच्या भेटींत मुलीने जे मांडले त्याचे सार असे: घरी पैसा नाही, इंग्रजी कच्चे, ओळख कुणाची नाही, म्हणजे दार बंद. माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्यातून काढलेला असा 'म्हणजे' अधिक अडवतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

पैशाचा 'म्हणजे' लवकर गळला. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास दरमहा ३७,००० रुपये मिळतात, जर्मनी-नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरीच असते आणि अमेरिकेत संशोधन वा अध्यापन सहायकपद मिळाले तर शुल्क माफ होऊन वर मानधन मिळते. तरीही मार्गदर्शकांना पत्र लिहिण्यास ती धजेना. "मी काय लिहू? 'मला संधी द्या' एवढंच येतं."

तेव्हा मी तिला विचारले, "तुमच्या शेताबद्दल तुला न उलगडलेलं असं काही आहे का?"

बराच वेळ ती गप्प राहिली. ही शांतता मोडायची नाही, हे मी फार उशिरा शिकले. मग ती म्हणाली, "बांधावरच्या लिंबाखाली माती मे महिन्यातही भुसभुशीत असते, अन् दहा पावलांवर हात जाईल एवढ्या भेगा. पण माती तपासून सरकार देतं त्या मृदा आरोग्य पत्रिकेत अख्ख्या शेताला सेंद्रिय कर्बाचा एकच आकडा. अन् त्यातल्या बारा निकषांत जिवंत असं काहीच मोजत नाहीत, मॅडम!"

त्यानंतर ती थांबलीच नाही. कोरड्या मातीवर पाऊस पडताच सूक्ष्मजीव जागे होऊन कार्बन डायऑक्साइडचा लोट सोडतात. पावसाचे खंड वाढले तर लिंबाखाली आणि भेगांत हे सारखेच घडेल का, असे तीच मला विचारू लागली. वातावरणात आहे त्याहून अधिक कार्बन मातीच्या वरच्या मीटरभर थरात असल्यामुळे हा प्रश्न एका बांधापुरता उरत नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की पत्रात आधी चार ओळींत आपला प्रश्न लिहावा, गुण नंतर. भोपाळची भारतीय मृदा विज्ञान संस्था, हैदराबादची क्रिडा ही कोरडवाहू शेती संशोधन संस्था, नागपूरचा मृदा सर्वेक्षण ब्युरो येथील शास्त्रज्ञांचे अलीकडचे काम वाचूनच पत्र पाठवावे. परिस्थितिकीकडे, म्हणजे सजीव आणि परिसर यांच्या नात्याच्या अभ्यासाकडे, ओढा असेल तर गेट या राष्ट्रीय परीक्षेची परिस्थितिकी व उत्क्रांती ही विषयपत्रिकाही पाहावी.

तिने तीन पत्रे पाठवली. एकाचे उत्तर आले: नमुना किती खोलीवरचा? तिने माझ्यासमोरच वडिलांना फोन लावला, "दादा, फावडं अन् टेप घेऊन जरा लिंबाखाली जाता का?"