चालू कॉम्प्युटरला हार्डडिस्क जोडावी का?

स्टुडिओत लग्नांच्या फोटोंच्या नऊ जुन्या डिस्क साठल्यात, सगळं एका मोठ्या डिस्कवर उतरवायचंय आणि दर डिस्कला मशीन बंद करायचा वैताग आलाय, असं तुम्ही म्हणता. चालू मशीनलाच जोडल्या-काढल्या तर जळतील का?

साटा, म्हणजे अरुंद डेटा केबलची डिस्क असेल तर सहसा नाही. तिच्या पॉवरच्या 15 पिना एकाच वेळी टेकत नाहीत. ग्राउंडच्या काही पिना आधी टेकतात, कारण चालू स्थितीत जोडण्याची सोय त्यात मुद्दाम ठेवलीय. फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, साटा डिस्क चालवण्याचा मोड एएचसीआय हवा आणि त्या पोर्टचं 'हॉट प्लग' (चालू मशीनला जोडण्याची सोय) चालू हवं. नाहीतर डिस्क दिसेलच असं नाही. नऊपैकी एखादी रुंद पट्टीच्या केबलची, म्हणजे आयडीई निघाली, तर ती मशीन बंद करूनच. एम-टू स्लॉटमधल्या, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीलाही चालू मशीनमध्ये हात लावायचा नाही. चार जाड पिनांच्या जुन्या पॉवर प्लगवरून साटाचा जोड काढणारी स्वस्त केबल मी तरी वापरत नाही, त्या वितळल्याची उदाहरणं आहेत.

जोडताना मी आधी पॉवर लावतो, कारण तिच्याबरोबर ग्राउंडही येतं. डिस्क पूर्ण वेगात आली की डेटा केबल. काही जण उलट सांगतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण साडेतीन इंची डिस्क सुरू होताना 12 व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते. म्हणून फोटो उतरवायची मोठी डिस्क ज्या वायरवर आहे, त्याच वायरवर ही लावू नका. क्षणभर व्होल्टेज बसलं की कॉपी चालू असलेली मोठी डिस्कच गचका खाते.

काढताना घाई नडते. कॉपीची पट्टी संपली म्हणजे लिहिणं संपलं असं नाही, थोडा माल अजून मेमरीत असू शकतो. 'सेफली रिमूव्ह'मध्ये डिस्क दिसत असेल तर तिथून, नाहीतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती ऑफलाइन करा. मग डेटा केबल, मग पॉवर. एवढं झालं तरी डिस्क लगेच उचलू नका. आत तबकड्या अजून फिरत असतात. फिरतं चाक हातात धरून वाकवून पाहा, कसं अंगावर येतं. तसंच आहे हे. अर्धा मिनिट थांबा.

माझी फजिती वेगळीच झाली. एकसारख्या तीन डिस्क होत्या. मी एक नीट ऑफलाइन केली आणि शेजारचीच उपटली, जिच्यावर लिहिणं चालू होतं! फाइल सिस्टिम दुरुस्त करण्यात रविवार गेला. तेव्हापासून प्रत्येक डिस्कच्या कडेला सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवतो आणि ऑफलाइन करण्याआधी स्क्रीनवरच्या नंबरशी ताडतो.

आणखी एक, स्टुडिओ पेठेतल्या जुन्या वाड्यात असेल तर सॉकेटची तिसरी पिन खरंच अर्थिंगला गेलीय का ते वायरमनकडून बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी ते काम, डिस्क नंतर.

मला विचाराल तर नऊ डिस्कसाठी हे सगळं करूच नये. कॅबिनेटमधला साटा केबलचा जोड साधारण 50 वेळा लावण्या-काढण्यासाठीच बनवलेला असतो, आणि चालू मशीनमध्ये स्क्रू पडला की मदरबोर्डचं काम तमाम. पुण्यातल्या तपकीर गल्लीत यूएसबी डॉक मिळतो, डिस्क वरून उभी खोचायची. घेताना 12 व्होल्टचा अडॅप्टर सोबत आहे ना, ते बघा. नुसत्या यूएसबीवर चालणाऱ्या लहान डॉकवर साडेतीन इंची डिस्क फिरणार नाही. ऑफलाइन करणं आणि अर्धा मिनिट थांबणं मात्र तिथेही चुकत नाही.