भूजल मॉडेलमध्ये डिस्पर्सिव्हिटी (वाहताना प्रदूषक किती पसरतं याचं माप, मीटरमध्ये) अंतराच्या १० टक्के धरली आणि कचरा डेपोजवळच्या विहिरीतला प्रदूषकाचा आकडा मर्यादेखाली आला, तर ‘धोका नाही’ लिहावं का?

नका लिहू. विहीर कचरा डेपोपासून १०० मीटरवर आहे, म्हणजे तुम्ही १० मीटर भरले असणार. आकडा खाली आला तो बहुतेक त्यामुळेच.

या १० टक्क्यांच्या ढोबळ नियमावर माझा जुना राग आहे. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये बॉर्डनच्या लष्करी तळावर ऑगस्ट १९८२ मध्ये स्टॅनफर्ड आणि वॉटर्लू विद्यापीठांच्या संशोधकांनी सुमारे १२ घनमीटर पाणी वाळूच्या थरात सोडलं. पाण्यात क्लोराइड, ब्रोमाइड आणि पाच सेंद्रिय रसायनं होती. पुढे जवळपास तीन वर्षं, सुमारे ५००० नमुना-बिंदूंमधून त्यांनी त्याचा माग काढला. पाणी दिवसाला ९ सेंटिमीटर सरकत होतं. ब्रोमाइड नव्वदेक मीटर गेलं तरी प्रवाहाच्या दिशेची डिस्पर्सिव्हिटी ०.४ मीटरच्या आसपास निघाली, आडवी (प्रवाहाच्या बाजूंना) त्याच्या दहाव्या हिश्शाची, आणि उभी (खोलीच्या दिशेने) तर जवळपास नुसत्या रेण्वीय विसरणाइतकी, म्हणजे रेणू आपोआप पसरतात तेवढीच. नियमाने ९ मीटर यायला हवी होती!

आता ०.४ च्या जागी १० म्हणजे २५ पट. मॉडेलमध्ये आडवी आणि उभी गुणोत्तराने तिला बांधलेली असतात, त्यामुळे त्याही २५ पट होतात. डेपोसारख्या सतत झिरपणाऱ्या स्रोतात, थोडं दूर गेल्यावर, मधल्या रेषेवरची तीव्रता त्याने साधारण २५ पट खाली येते. एकदाच सांडलेल्या रसायनाचा शिखर आकडा तर सव्वाशे पट. काहीही साफ न करता प्रदूषण गायब! ‘मोठी डिस्पर्सिव्हिटी सुरक्षित बाजूची’ असं अहवाल तपासणारे ठासून सांगतात. पहिला अंश विहिरीत कधी पोहोचेल एवढंच विचारायचं असेल तर ते खरं आहे, कारण तो लवकर दिसतो. तीव्रतेच्या बाबतीत नेमकं उलटं.

नुसतं ०.४ टाईप करूनही भागणार नाही. सेल (मॉडेलच्या जाळीचे चौकोन) १० मीटरचे ठेवून एमटीथ्रीडीएमएस या प्रदूषक-वहनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अपस्ट्रीम ही गणिती पद्धत लावलीत, तर गणिताचीच सुमारे ५ मीटर (सेलच्या निम्मी) डिस्पर्सिव्हिटी गुपचूप मिसळते. टीव्हीडी ही कमी मिसळणारी पद्धत निवडा, कूरांट आकडा (एका वेळ-टप्प्यात पाणी किती सेल ओलांडतं तो) १ च्या आत ठेवा, स्रोत ते विहीर या पट्ट्यात सेल एक-दोन मीटरवर आणा. मग आडवी डिस्पर्सिव्हिटी दहा पटींत वर-खाली करून पुन्हा चालवा. निष्कर्ष उलटला, तर अहवालात तेच लिहायचं.

तीव्रतेतली चूक एक्स्पोजरच्या (माणसाच्या पोटात रोज किती प्रदूषक जातं त्याच्या) सूत्रात जशीच्या तशी उतरते. बैठकीत मात्र तासभर वाद कशावर, तर रोजचं पाणी २ लिटर आणि वजन ७० किलो धरायचं की २.५ लिटर आणि ८० किलो. दोन्हींतला फरक दहा टक्केसुद्धा नाही.

हो, बॉर्डनची वाळू बऱ्यापैकी एकसारखी होती, म्हणून ०.४ आंधळेपणाने उचलू नका. मिश्र गाळात आकडा मोठा निघू शकतो. आणि तुमचा डेपो दख्खनच्या बेसाल्टवर असेल, तर डिस्पर्सिव्हिटी दुय्यम. तिथे पाणी भेगांतून पळतं. इफेक्टिव्ह सच्छिद्रता (पाणी खरोखर वाहतं त्या पोकळीचा हिस्सा) ०.२ ऐवजी ०.०२ असली की वेग दहापट. त्यासाठी आधी ट्रेसर चाचणी (खुणेचं द्रव्य सोडून त्याचा माग काढणं) करा, मॉडेलचं नंतर बघू.