पहिल्यांदाच सात आसनी डिझेल गाडी घेणाऱ्यांसाठी

अभिनंदन! सुरुवातीला दोनच सवयी पक्क्या करा. पंपावर इंजीन बंद करून खाली उतरा, ‘डिझेल’ असे स्वतः स्पष्ट सांगा आणि नोझल आत जाण्यापूर्वी त्यावरचे नाव वाचा. चुकून पेट्रोल पडलेच, तर टाकी रिकामी होईपर्यंत इंजीन मुळीच सुरू करू नका, कारण ते सुरू होताच पेट्रोल इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागापर्यंत, पोहोचते. नोझल आपोआप थांबल्यावर आणखी भरण्याचा आग्रहही नको.

दुसरी सवय टायरची. हवा थंड टायरमध्येच तपासावी. बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळील तक्त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, आणि कोल्हापुरातून सगळे कुटुंब घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीला निघताना तोच पाळायचा असतो. नवखे नेमके हेच विसरतात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र घाटात कधीही उघडू नका.