वाचकांचे प्रश्न : बंडखोर यंत्रमानवांशी लढताना

या महिन्यात सोलापूरहून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच प्रकारच्या गेमविषयी आहेत. छतावरून खाली पाहावे तसे दृश्य, एकामागून एक खोल्यांतून चालून येणारे बंडखोर यंत्रमानव, हातात एक बंदूक आणि मेल्यावर पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात, असा हा प्रकार आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, दोन-चार जणांनी मिळून केलेल्या अशा इंडी गेमचा चाहतावर्ग आपल्याकडेही वाढतो आहे, म्हणून या अंकातली सर्व जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवण झाले की तो हा गेम लावतो, अर्ध्या तासात मरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. महिना झाला तरी गेम पुढे सरकलेला मला दिसत नाही. अशा खेळातून त्याला काय मिळत असेल आणि मी काळजी करावी का? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : गेम पुढे सरकत नाही असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे, कारण पडद्यावरची कमाई दर मरणाबरोबर पुसली जाते. जे साठत जाते ते खेळणाऱ्याच्या नजरेत आणि हातात साठते. या रचनेचे मूळ १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या आणि पुढे केन अर्नोल्ड यांनी हातभार लावलेल्या ‘रोग’ (इंग्रजी Rogue, म्हणजे भामटा) या गेममध्ये आहे. त्यात चित्रे नव्हती. भिंती, दारे आणि राक्षस हे सर्व अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवलेले असे. मात्र त्यातले भुयार प्रत्येक खेळीला संगणक नव्याने रचत असे, आणि पात्र मेले की ते कायमचे जात असे. या दोन नियमांमुळे पाठांतर निरुपयोगी ठरते आणि समोरची परिस्थिती वाचून निर्णय घेणे एवढेच हाती उरते. पुढे या कडक नियमांना थोडी सूट देऊन, मेल्यानंतरही काही मिळकत मागे राहू देणारे गेम आले, त्यांना रोगलाइट म्हणतात. २०१३ च्या ‘रोग लेगसी’मध्ये मेलेल्या योद्ध्याचा वारस पुढची खेळी खेळतो आणि आधीच्याने मिळवलेल्या सोन्यातून आपले घराणे बळकट करतो, हे त्याचे ठळक उदाहरण.

यंत्रमानवांचे बंडही या माध्यमात जुनेच आहे. १९८२ मध्ये यूजीन जार्विस आणि लॅरी डीमार यांनी विल्यम्स कंपनीसाठी ‘रोबोट्रॉन : २०८४’ हा आर्केड गेम, म्हणजे नाणे टाकून उभ्या यंत्रावर खेळायचा गेम, केला. त्यात यंत्रमानव माणसांवर उलटलेले आहेत आणि शेवटचे एक कुटुंब वाचवायचे आहे. त्या यंत्राला दोन काठ्या होत्या, एक चालण्यासाठी आणि दुसरी गोळ्या झाडण्याची दिशा ठरवण्यासाठी, त्यामुळे एका दिशेला पळत दुसऱ्या दिशेला मारा करता येई. आज तुमच्या मुलाचा डावा हात कीबोर्डवर आणि उजवा हात माउसवर असतो, ती विभागणी त्याच जातीची आहे.

काळजीविषयी सांगायचे तर, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खेळ्या खेळणाऱ्या मुलाची काळजी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे; परंतु तिथे खेळण्यावरचा ताबा सुटणे, जेवण, झोप, अभ्यास आणि माणसे यांच्या आधी खेळ येणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे सर्व साधारणपणे वर्षभर टिकणे अशी लक्षणे दिली आहेत. झोप किंवा अभ्यास ढळताना दिसला तर अवश्य बोला. मात्र वेळेची मर्यादा घालायची असेल तर ती घड्याळापेक्षा खेळीवर घालावी. ‘दहाला बंद कर’ म्हटले आणि दहा वाजता खेळी निम्म्यावर असली तर वाद होणारच. ‘आज दोनच खेळ्या’ हे बंधन मुलाला न्याय्य वाटते आणि ते पाळलेही जाते.

प्रश्न : ऑनलाइन गेमवर सरकारने बंदी आणली असे ऐकले. मग मुलीला असा गेम विकत घेऊन देणे नियमबाह्य ठरेल का? (एक वडील, होटगी रस्ता)

उत्तर : नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला कायदा पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमना मनाई करतो. एकदाच किंमत देऊन विकत घेतलेला आणि एकट्याने खेळायचा गेम त्यात येत नाही. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या नकलांकडे मात्र लक्ष द्या. तिथे गेमच्या आत पुन्हा पुन्हा पैसे मागितले जातात. स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावरून घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि खरेदीला १४ दिवस झाले नसतील, तर पैसे परत मागता येतात.

प्रश्न : आम्ही तीन मित्र मिळून असाच एक गेम करत आहोत. बंद पडलेल्या गिरणीतले यंत्रमानव बंड करतात, अशी कथा आहे. पंधरा प्रकारचे यंत्रमानव तयार आहेत, खोल्या संगणक स्वतः रचतो. पण ज्यांना खेळायला दिला ते दहा मिनिटांत सोडून देतात आणि म्हणतात, ‘गोळी कुठून आली ते कळलेच नाही.’ गेम सोपा करावा का? आमच्या घरी जॅकार्डचे माग आहेत, तिथल्या पोरांनाही दाखवला, त्यांचेही मत तेच. (एक विद्यार्थी, पूर्व भाग)

उत्तर : सोपा करू नका. तुमच्या खेळणाऱ्यांची तक्रार अवघडपणाची नाही, ती त्यांच्याच शब्दांत तुम्ही लिहून पाठवली आहे. ज्या गेममध्ये माणूस वारंवार मरणार आहे, त्या गेमने प्रत्येक मरणाचे कारण खेळणाऱ्याला दाखवलेच पाहिजे. ‘मी कोपऱ्यात अडकलो’, ‘मी लोभाने पेटीकडे गेलो’ असे मेलेल्या क्षणी त्याला म्हणता आले, तर तो लगेच दुसरी खेळी सुरू करतो. कारण सापडले नाही, तर तो गेम बंद करतो.

याचे गणित करता येते. काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर ६० चित्रे, या गतीने चालणाऱ्या गेममध्ये पाव सेकंद म्हणजे १५ फ्रेम, आणि तेही काय करायचे हे आधीच ठरलेले असताना. डावीकडे की उजवीकडे हे ठरवायचे असेल तर आणखी वेळ जातो. म्हणून प्रत्येक यंत्रमानवाने गोळी सोडण्यापूर्वी निदान ३० फ्रेम आधी इशारा द्यावा : डोळा पेटावा, नळी मागे सरकावी, किंवा त्या जातीचा म्हणून ओळखता येईल असा आवाज यावा. पडद्याबाहेरच्या यंत्रमानवाला गोळी झाडूच देऊ नये. शत्रूच्या गोळ्यांना एक रंग द्या आणि तो रंग जमिनीवर, भिंतींवर, स्फोटांत किंवा खेळणाऱ्याच्या स्वतःच्या गोळ्यांत कुठेही वापरू नका. खेळणाऱ्याच्या चित्रापेक्षा त्याचा मार लागणारा भाग लहान ठेवा, म्हणजे खांद्याला घासून गेलेली गोळी त्याला थोडक्यात वाचल्याचा आनंद देईल. यंत्रमानवांच्या बाबतीत उलट करा. २०१६ च्या ‘एंटर द गन्जन’मध्ये लोळण घेऊन गोळ्यांच्या पलीकडे जाता येते आणि लोळणीच्या पहिल्या भागात मार लागत नाही, अशी एखादी सुटकेची क्रिया तुमच्याकडे नसेल तर आधी ती करा, मग बाकीचे.

पंधरा प्रकार मला फार वाटतात. यंत्रमानव हा शत्रू म्हणून उत्तम आहे तो याच कारणासाठी, की यंत्र नियमाने चालते आणि नियम ओळखता येतो. ‘रोबोट्रॉन’मधले ग्रंट या जातीचे यंत्रमानव सरळ खेळणाऱ्याच्या दिशेने चालत येतात, आणि जसजसा वेळ जातो तसतसा त्यांचा वेग वाढतो. हल्क या दुसऱ्या जातीचे मरतच नाहीत. गोळ्यांनी ते फक्त मागे ढकलले जातात, आणि वाटेत सापडलेल्या कुटुंबातल्या माणसांना मारतात. एकेकटे पाहिले तर दोन्ही नियम लहान मुलालाही समजतील असे आहेत, पण ते एकाच पडद्यावर आले की ग्रंटपासून पळावे की हल्कच्या वाटेतल्या मुलाला गाठावे, हा निर्णय पदोपदी घ्यावा लागतो. १९८० च्या ‘बर्झर्क’मधले यंत्रमानव तर एकमेकांवर आदळून, भिंतींना लागून आणि एकमेकांच्या गोळ्यांनीही मरत. हुशार खेळाडू बंदूक न चालवता नुसते योग्य जागी उभे राहून त्यांचा निकाल लावीत. तुमच्या पंधरांतून असे एक-एक ओळीचे नियम असलेले सहा निवडा आणि त्यांच्या जोड्या लावून पाहा. जी जोडी नवा प्रश्न उभा करत नाही, ती वगळा. गिरणीची पार्श्वभूमी तुम्हाला इथे मदत करील, कारण धोटा एका सरळ रेषेत ये-जा करतो हे मागाजवळ वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्या चालीचा यंत्रमानव पाहता क्षणी कळेल.

आता खोल्या. संगणकाला भिंतीपासून पेटीपर्यंत सर्व काही रचू दिले, तर बऱ्याच खोल्या निरर्थक निघतात आणि काही अन्याय्य. जॅकार्डवर पंचकार्डांची, म्हणजे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची, माळ एकदा बांधली की चादरीवर तीच नक्षी पुन्हा पुन्हा उतरते. तुमची प्रत्येक खोली हे हाताने पाडलेले एक कार्ड समजा, संगणकाला कार्ड पाडू देऊ नका, माळेतला क्रम तेवढा बदलू द्या. ‘एंटर द गन्जन’मध्ये खोल्या माणसांनीच आखलेल्या आहेत, जोडणी मात्र दर खेळीला बदलते. याउलट २०१५ च्या ‘न्यूक्लिअर थ्रोन’मध्ये संगणक स्वैर वळणे घेत पुढे सरकतो आणि जाईल तिथली जमीन मोकळी करत नकाशा खोदतो, त्या गेममधल्या उघड्या, धावपळीच्या लढाईला ती रीत शोभते. तुमची गिरणी खोल्याखोल्यांची आहे, म्हणून पहिली रीत घ्यावी. दारातून आत पाऊल टाकल्यावर लगेच कोणी अंगावर येणार नाही, एवढी मोकळी जागा प्रत्येक खोलीत असावी.

प्रत्येक खेळीचा सीड, म्हणजे ज्या आकड्यापासून संगणक सर्व यादृच्छिक निवडी काढतो तो आकडा, पडद्याच्या कोपऱ्यात छापा. कोणी तक्रार केली की तोच आकडा घालून तुम्हाला तीच खोली आणि तेच शत्रू पुन्हा उभे करता येतील. नकाशासाठी एक आणि बक्षिसांसाठी दुसरा, असे वेगळे सीड ठेवले तर खेळणाऱ्याने एक पेटी जास्त उघडली म्हणून पुढचा सारा नकाशा बदलणार नाही.

मेल्यानंतर मागे काय उरावे, याविषयी गेम करणाऱ्यांत मतभेद आहेत. माझे मत असे की कायमस्वरूपी बक्षीस म्हणून ताकद देऊ नये, पर्याय द्यावेत. दर मरणानंतर आयुष्य दहा टक्क्यांनी वाढत गेले, तर शेवटी जिंकल्यावर आपण शिकलो म्हणून जिंकलो की आकडा वाढला म्हणून, हे खेळणाऱ्यालाच कळत नाही. नवी बंदूक, नवे पात्र, नवी वाट उघडत गेली, तर कौशल्य त्याचेच राहते आणि परत येण्याचे कारणही मिळते.

प्रकाशनाची घाई करू नका. स्टीमवर प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात, आणि गेमची विक्री १,००० डॉलरच्या वर गेली तरच ते परत मिळतात. त्याआधी मागावरच्या त्या पोरांना सुधारलेला गेम पुन्हा द्या, शेजारी बसा, आणि एक शब्दही सुचवू नका. मेल्यावर त्यांनी तोंडातून काढलेले पहिले वाक्य लिहून घ्या. तुमच्या कामाची दिशा त्या वाक्यांतून ठरेल.

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर हा गेम सकाळी नीट चालतो, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी अडखळतो आणि नेमका तेव्हाच मी मरतो. नवा लॅपटॉप घ्यावा का? (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : एवढ्यासाठी घेऊ नका. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा लॅपटॉपमधला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि गेमच्या फ्रेम गळतात. गादीवर किंवा चादरीवर ठेवल्यास खालची हवा बंद होते, म्हणून लॅपटॉप टेबलावर, मागून थोडा उचलून ठेवा. पंख्याची जाळी साफ करून घ्या. आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा. मर्यादा नसेल तर यंत्र गरज नसताना पूर्ण ताकदीने राबते. स्फोटाच्या ठिणग्या आणि पडदा हादरण्याचा परिणाम कमी केला तर गोळ्याही स्पष्ट दिसतील.

प्रश्न : आमच्या गेममधला सर्व मजकूर मराठीत ठेवायचा आहे. पण अक्षरे तुटतात, वेलांटी चुकीच्या जागी पडते. सगळे म्हणतात इंग्रजीच ठेवा. (एक विद्यार्थिनी, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : मराठीच ठेवा, उपाय आहे. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी क नंतर टंकली जाते, पण दिसते आधी. जोडाक्षरांत तर दोन-तीन वर्णांचे मिळून एक रूप होते. ही जुळणी करणारी यंत्रणा गेम इंजिनात, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा केला जातो त्यात, नसेल तर मजकूर मोडतो. युनिटी या इंजिनातल्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागात ही अडचण अनेकांना आली आहे. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ पासून ही जुळणी त्या इंजिनात अंगभूत आहे, आणि ते इंजिन मोफत व मुक्त आहे. काम फार पुढे गेले असल्यामुळे इंजिन बदलणे शक्य नसेल, तर बंदुकांची नावे, मेनू, सूचना असा न बदलणारा मजकूर चित्ररूपाने तयार करून वापरता येतो. आकडे तेवढे इंजिनाकडून छापून घ्यावेत.

मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे विक्रीच्या गेममध्येही चालतात. ठिपक्याठिपक्यांचा जुन्या धाटणीचा फॉन्ट हवा असेल तर इंग्रजी फॉन्टच्या उंचीत देवनागरी बसवण्याचा आग्रह धरू नका : शिरोरेषेच्या वर मात्रा, अनुस्वार आणि रफार, तर खाली उकार आणि पाय मोडलेली अक्षरे येतात, त्यांना जागा लागतेच. आधी सर्वांत उंच आणि सर्वांत खोल शब्द, उदाहरणार्थ ‘सर्वांत’ आणि ‘पूर्तता’, नीट वाचता येईल अशी उंची ठरवा, आणि मग त्या उंचीवरून मेनूच्या चौकटी आखा.